फ्वाचे काउंट आणि अँडोराची अर्धी गादी

फ्रान्सने १७९३ मध्ये आपल्या राजाला गिलोटिनवर चढवले. तरीही फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष आजही एका देशाचा राजा आहे. हा देश म्हणजे अँडोरा. पिरेनीज पर्वतात, फ्रान्स आणि स्पेन यांच्या बेचक्यात तो वसला आहे आणि त्याचे क्षेत्रफळ जेमतेम ४६८ चौरस किलोमीटर आहे. त्याला दोन सहराजे आहेत. एक स्पेनमधल्या उर्जेलचा बिशप आणि दुसरा पॅरिसमध्ये निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष. राष्ट्राध्यक्षाकडे हा मान आला तो दक्षिण फ्रान्समधल्या एका सरदार घराण्याकडून. हे घराणे म्हणजे फ्वाचे काउंट. तलवार त्यांनी पुष्कळ चालवली, पण त्यांच्या पदरात जे पडले ते मुख्यतः सोयरिकींतून आणि करारांतून.

खडकावरचा किल्ला

फ्वा हे आरिएज नदीकाठचे गाव. आज ते आरिएज जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असले तरी लोकसंख्या दहा हजारांच्या आतच आहे. गावाच्या डोक्यावर एक सुटा, ताशीव कड्यांचा खडक आहे आणि त्यावर तीन बुरुजांचा किल्ला. दोन बुरुज चौकोनी आणि जुने, तिसरा गोल बुरुज पंधराव्या शतकातला. स्पेनकडे जाणारी डोंगरवाट या खडकाखालून जाते, म्हणून किल्ल्याला मोल.

काउंट हा मुळात सम्राटाने नेमलेला मुलखी अंमलदार. केंद्र ढिले पडले तशी ही पदे वंशपरंपरागत झाली आणि पदाबरोबर मुलूखही घरचा झाला. कार्कासोनचा काउंट रोजे याने १००२ च्या सुमारास मृत्युपत्र केले, त्यात फ्वाचा किल्ला आणि भोवतालची जमीन एका मुलाच्या वाट्याला लिहून दिली. पुढच्या पिढीत ‘फ्वाचा काउंट’ हा किताब रूढ झाला. म्हणजे घराण्याचा आरंभच वाटणीपत्रातून झाला. गावाच्या उत्तरेला पा द ला बार नावाची खिंड आहे. तिच्या उत्तरेकडचा सखल भाग तुलूझच्या काउंटच्या वर्चस्वाखाली, दक्षिणेकडचा डोंगरी भाग जवळजवळ स्वतंत्र. दोन दगडांवर पाय ठेवायची सवय या घराण्याला इथूनच लागली असावी.

धर्मयुद्धाच्या वरवंट्याखाली

बाराव्या शतकाच्या अखेरीस या मुलखात कॅथर पंथ पसरला होता. चर्चची श्रीमंती नाकारणारा, देहाला आणि भौतिक जगाला पाप मानणारा हा पंथ रोमच्या दृष्टीने पाखंड होता. काउंट रेमों-रोजे (कारकीर्द ११८८ ते १२२३) स्वतः तिसऱ्या धर्मयुद्धात लढून आलेला. पण त्याची बहीण एस्क्लार्मोंद हिने १२०४ मध्ये फांजो येथे कॅथर दीक्षा घेतली आणि त्याची पत्नी फिलिपाही त्याच वाटेने गेली. घरातल्या स्त्रिया पाखंडी ठरलेल्या आणि कर्ता पुरुष ‘मी नव्हे त्यातला’ म्हणत त्यांना पाठीशी घालणारा, अशी ही अवस्था.

पोपने १२०८ मध्ये या प्रदेशावर धर्मयुद्ध पुकारले. सिमों द मोंफोर हा त्याचा सेनापती. त्याने फ्वाभोवतीचा मुलूख जाळला, पण किल्ला त्याला लढून घेता आला नाही. १२ सप्टेंबर १२१३ रोजी म्युरे येथे दक्षिणेच्या सरदारांचा मोठा पराभव झाला आणि त्यांच्या मदतीला आलेला आरागॉनचा राजा पेद्रो रणात पडला. दोन वर्षांनी रोमच्या लॅटरन परिषदेत रेमों-रोजे जातीने उभा राहिला आणि आपली बाजू मांडून आला. बहिणीच्या धर्माबद्दल मला जबाबदार धरता येणार नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. किल्ला काही काळ चर्चच्या ताब्यात राहिला आणि मग परत मिळाला. शेजारच्या तुलूझच्या घराण्याची याच युद्धात वाताहत झाली आणि त्याचा मुलूख शेवटी फ्रान्सच्या राजाकडे गेला. फ्वा मात्र वाचले. १२२९ मध्ये पुढच्या काउंटने, रोजे-बेर्नार दुसऱ्याने, फ्रान्सच्या राजापुढे वेळेवर मान तुकवली. शूरत्वापेक्षा वेळेचे भान इथे कामी आले, असेच म्हणावे लागते.

दोन लग्ने, एक दरी

अँडोराच्या दऱ्या त्या काळी उर्जेलच्या बिशपच्या मालकीच्या. त्या सांभाळण्यासाठी त्याने काबोएत नावाच्या स्थानिक घराण्याला जहागिरीदाखल दिल्या होत्या. काबोएत घराण्याची वारस अर्नाल्दा हिचे लग्न कास्तेलबोच्या अर्नाउशी झाले, तेव्हा अँडोरावरचे हक्क कास्तेलबोकडे गेले. त्यांची मुलगी एर्मेसेंदा, तीही एकुलती वारस. तिला रोजे-बेर्नार दुसऱ्याने मागणी घातली आणि लग्न झाले. त्यामुळे कास्तेलबो आणि अँडोरा दोन्ही फ्वाच्या झोळीत पडले.

बिशपला हा सौदा मुळीच रुचला नाही. दुबळ्या जहागीरदाराच्या जागी आता एक बलाढ्य आणि पाखंड्यांना थारा देणारा काउंट दारात उभा होता. चर्चने आपला राग काढला तो फार उशिरा आणि फार विचित्र रीतीने. १२६९ मध्ये इन्क्विझिशनने अर्नाउ आणि एर्मेसेंदा या दोघांनाही मरणोत्तर पाखंडी ठरवले आणि त्यांची हाडे थडग्यांतून उकरून काढली. एव्हाना अर्नाउला जाऊन चाळीसवर वर्षे झाली होती.

१२७८ चा करार

बिशपशी चाललेली दोन पिढ्यांची कटकट मिटवली ती रोजे-बेर्नार तिसऱ्याने. हा गृहस्थ मोठा खटपट्या. काव्यही करायचा, त्यातही राजकारण. १२७२ मध्ये त्याने फ्रान्सच्या राजाशी वाकडे घेतले, तेव्हा फिलिप तिसरा स्वतः फौज घेऊन फ्वावर चालून आला. राजाने किल्ल्याखालचा खडकच फोडायला लावला, असे इतिवृत्तकार सांगतात. काउंट शरण आला आणि तुरुंगात गेला. पुढे १२८० मध्ये आरागॉनच्या राजाने त्याला पकडले. दोन वेगवेगळ्या राजांच्या बंदीखान्यांचा अनुभव घेऊनही त्याने राज्य वाढवूनच ठेवले.

८ सप्टेंबर १२७८ रोजी त्याने उर्जेलचा बिशप पेरे द’उर्ग याच्याशी करार केला. अशा समाईक मालकीच्या कराराला फ्रेंचमध्ये ‘पारेआज’ म्हणतात. मराठी इतिहास वाचलेल्याला आपल्याकडची दुअंमली गावे आठवतील. एकच गाव, दोन धनी, आणि महसूल दोघांनाही द्यायचा. अँडोरात मात्र हे सगळे नीट बसून लिहून काढले गेले. खंडणी एका वर्षी बिशपला, दुसऱ्या वर्षी काउंटला. बिशपने जास्तीत जास्त ४,००० सू घ्यावेत, काउंटने वाटेल तेवढे. न्यायदान दोघांच्या अधिकाऱ्यांनी मिळून करावे. काउंटने बिशपचे वर्चस्व कागदोपत्री मानावे. या शेवटच्या कलमाने बिशपचा मान राहिला, आणि ‘वाटेल तेवढे’ या सवलतीने काउंटचे फावले.

तरी कुरबुर राहिलीच. काउंटने अँडोरातल्या एन्क्लार टेकडीवर किल्ला बांधायला घेतला आणि बिशप बिथरला. १२८८ मध्ये दुसरा करार झाला. दोघांच्या संमतीशिवाय अँडोरात कोणी किल्ला बांधायचा नाही, हे कलम त्यात आले. एन्क्लारचे काम पाडून टाकावे लागले. अँडोरातल्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने हीच खरी मिळकत. दोन धनी एकमेकांवर डोळा ठेवून असल्याने कोणा एकाला तो मुलूख गिळता आला नाही.

बेआर्न मिळाले, वैरही मिळाले

याच रोजे-बेर्नारची बायको मार्गारीत बेआर्नची वारस होती. १२९० मध्ये सासरा वारला आणि पिरेनीजच्या पश्चिम टोकाजवळचा हा सधन मुलूख फ्वाला मिळाला. पण मार्गारीतच्या बहिणीचे सासर आर्मान्याकचे. त्यांनी वारसा मान्य केला नाही आणि दोन साडूंच्या घराण्यांत जे वैर पेटले ते जवळजवळ शंभर वर्षे धुमसत राहिले. काउंटांचा मुक्कामही हळूहळू फ्वाहून बेआर्नमधल्या ऑर्तेझला हलला. किताब फ्वाचा आणि दरबार बेआर्नला, अशी विभागणी झाली.

गास्तों फेब्युस

घराण्यातला सर्वांत गाजलेला पुरुष म्हणजे गास्तों तिसरा. ‘फेब्युस’, म्हणजे सूर्यदेव अपोलो, हे उपनाव त्याने स्वतःच लावून घेतले, यावरून माणसाची कल्पना यावी. १३४३ मध्ये बारा वर्षांचा असताना तो गादीवर आला आणि १३९१ पर्यंत राहिला. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात शतवार्षिक युद्ध चालू होते. फ्वासाठी तो फ्रान्सच्या राजाचा मांडलिक, काही पश्चिमेकडच्या मुलखांसाठी इंग्लंडच्या राजाचा. बेआर्नबद्दल मात्र त्याने १३४७ मध्ये स्पष्ट सांगून टाकले की हा मुलूख आपल्याला देवाकडून मिळाला आहे, कोणा माणसाकडून नाही. दोन्ही बाजूंना झुलवत त्याने बेआर्नला युद्धाची झळ फारशी लागू दिली नाही.

त्याने लढाई केली ती आर्मान्याकशी. ५ डिसेंबर १३६२ रोजी लोनाक येथे त्याने आर्मान्याकचा काउंट आणि त्याचे कित्येक सरदार जिवंत पकडले. त्यांच्या सुटकेसाठी लाखो फ्लोरिन वसूल केले आणि ऑर्तेझच्या मोंकाद बुरुजातली तिजोरी भरून गेली.

१३८८ मध्ये इतिवृत्तकार फ्रुआसार ऑर्तेझला आला. त्याने लिहून ठेवलेले दरबाराचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. काउंट मध्यरात्री जेवायला खाली येई. पुढे बारा नोकर बारा मशाली घेऊन चालत. जेवणानंतर फ्रुआसार आपली ‘मेलियादोर’ ही प्रणयकथा त्याला वाचून दाखवी आणि काउंट ऐकत बसे. गास्तोंला शिकारीचे आणि कुत्र्यांचे वेड. १३८७ मध्ये त्याने शिकारीवर ग्रंथ लिहायला घेतला. प्राण्यांच्या सवयी, कुत्र्यांचे आजार आणि त्यांवरचे उपचार, सापळे लावण्याच्या तऱ्हा असे सगळे त्यात आहे. त्याची एक सचित्र प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि मध्ययुगीन चित्रकलेचा उत्तम नमुना म्हणून ती दाखवली जाते.

पण याच घरात एक भयंकर गोष्ट घडली. गास्तोंचा एकुलता औरस मुलगा, त्याचेही नाव गास्तोंच, १३८० मध्ये बापाच्या कैदेत मेला. फ्रुआसारला कळलेली हकिगत अशी: आजोळी मामाने, म्हणजे नावारच्या राजाने, मुलाला एक पुडी दिली आणि ‘वडिलांच्या जेवणात टाक, आईवरचे त्यांचे प्रेम परत येईल’ असे सांगितले. पुडी सापडली. काउंटने तिच्यातली भुकटी कुत्र्याला घातली आणि कुत्रा तडफडून मेला. मुलाला कोठडीत टाकले, त्याने अन्न सोडले. बाप चिडून कोठडीत गेला. हातात नखे साफ करायचा छोटा चाकू होता, तो पोराच्या गळ्याला लागला. खरे किती आणि सारवासारव किती, हे ज्याने त्याने ठरवावे. एवढे खरे, की १३९१ मध्ये अस्वलाच्या शिकारीनंतर गास्तों कोसळला तेव्हा त्याला औरस वारस उरला नव्हता. अनौरस मुलगा इव्हें होता. तोही १३९३ मध्ये पॅरिसच्या राजवाड्यातल्या एका नाचात, सोंगाच्या कपड्यांना आग लागून भाजून मेला.

किताब पॅरिसला पोचतो

यानंतरची वंशावळ गुंतागुंतीची आहे आणि ती सगळी सांगण्यात हशील नाही. आधी चुलत शाखा, मग १३९८ मध्ये इझाबेल ही वारस आणि तिचा नवरा ग्राईयी घराण्यातला. पुढे गास्तों चौथ्याने नावारच्या राजकन्येशी, एलेओनोरशी, लग्न केले. १४७९ मध्ये त्यांचा नातू नावारचा राजा झाला. त्याची बहीण कॅथरिन दाल्ब्रे घराण्यात गेली. १५१२ मध्ये स्पेनने नावारचा मोठा भाग बळकावला, पण फ्वा, बेआर्न आणि अँडोराची अर्धी मालकी टिकली. कॅथरिनची नात जान दाल्ब्रे आणि तिचा मुलगा हेन्री. १५५३ मध्ये पो येथे जन्मलेला हा हेन्री १५८९ मध्ये हेन्री चौथा म्हणून फ्रान्सच्या गादीवर बसला.

राजा होताच खासगी मुलूख राजगादीत विलीन करायचा, असा फ्रान्सचा रिवाज. हेन्रीने बरीच वर्षे टाळाटाळ केली. शेवटी १६०७ च्या फर्मानाने फ्वाचा काउंट हा किताब राजमुकुटात मिसळला. त्याच्याबरोबर उर्जेलच्या बिशपशी झालेला तीनशे वर्षांपूर्वीचा करारही फ्रान्सच्या राजाकडे आला.

क्रांतीने नाकारले, नेपोलियनने मान्य केले

१७९० मध्ये फ्वा प्रांत जाऊन आरिएज जिल्हा आला. १७९३ मध्ये क्रांतिकारी सरकारने अँडोराची खंडणी सरंजामशाहीचा अवशेष म्हणून नाकारली. अँडोरावासी मात्र यावर खूश नव्हते. एक धनी गेला तर दुसऱ्याचे पारडे जड होणार, हे ते ओळखून होते. त्यांनीच फ्रान्सला विनवले आणि १८०६ मध्ये नेपोलियनने जुनी व्यवस्था पुन्हा सुरू केली. पुढे प्रजासत्ताक आले तसा काउंटचा वाटा आपोआप राष्ट्राध्यक्षाकडे गेला. विसाव्या शतकातही फ्रान्सला एका वर्षी ९६० फ्रँक आणि बिशपला पुढच्या वर्षी ४६० पेसेटा अशी खंडणी पोचत होती. बिशपला शिवाय हॅम, चीज आणि कोंबड्याही.

१९३४ मध्ये बोरिस स्कोसिरेफ नावाच्या एका रशियन उपटसुंभाने स्वतःला अँडोराचा राजा घोषित केले होते. स्पॅनिश पोलिसांनी काही दिवसांतच त्याला उचलला.

सध्याची व्यवस्था

१४ मार्च १९९३ रोजी अँडोराच्या मतदारांनी लिखित राज्यघटना मंजूर केली. त्याच वर्षी देश संयुक्त राष्ट्रांत गेला आणि खंडणी बंद झाली. कारभार निवडून आलेल्या सरकारकडे आहे आणि सहराजांचे अधिकार बहुतांशी औपचारिक उरले आहेत. पण पद कायम आहे. देशात आजही फ्रेंच आणि स्पॅनिश अशी दोन टपाल खाती चालतात. फ्वाचा किल्ला एकोणिसाव्या शतकात १८६२ पर्यंत तुरुंग होता, आता तिथे संग्रहालय आहे. फ्रान्समध्ये पुढची अध्यक्षीय निवडणूक २०२७ मध्ये आहे. तीत जो निवडून येईल तो पदभार घेताच अँडोराचाही सहराजा होईल, आणि अँडोराच्या नागरिकांना त्या निवडणुकीत मत नसेल.