चौकट : प्रायोजित कार्यक्रम आणि ‘स्पॉट’

आकाशवाणीने चित्रपटगीतांना अटकाव केल्यावर गिरगाव-लालबागच्या चाळींतील श्रोता १९५२ पासून रेडिओ सिलोनच्या ‘बिनाका गीतमाले’कडे वळला. मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन कोलंबोहून प्रसारित होणारा, अमीन सयानी यांच्या निवेदनाचा हा कार्यक्रम प्रायोजित, म्हणजे एकाच उत्पादकाने खर्च उचललेला, असल्याने टूथपेस्टचे नाव शीर्षकातच येई आणि जाहिरात निवेदनातच मुरलेली असे. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर येथून विविध भारतीची व्यापारी सेवा सुरू झाली, तेव्हा ‘स्पॉट’, म्हणजे गाण्यांच्या अधेमधे सेकंदांच्या हिशेबाने विकला जाणारा वेळ, रूढ झाला. खासगी एफएमची भिस्त मुख्यतः जाहिरातींवर असल्याने तेथे असे अनेक स्पॉट सलग वाजवले जातात. ते लांबले की श्रोता केंद्र बदलतो. श्रोत्याच्या दृष्टीने गीतमालेची रीतच अधिक सुसह्य होती.