रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि आजारानंतरचा थकवा

महाराष्ट्रातील पहिल्या कोविड रुग्णांची नोंद ९ मार्च २०२० रोजी पुण्यात झाली. पुढे या आजारातून बरे झालेल्या अनेकांना एक प्रश्न सतावीत राहिला : विषाणू गेला, छातीचा एक्स-रेही सुधारला, तरी थोडे चालताच दम का लागतो? याचे एक कारण रक्तवाहिन्यांत आहे.

हे समजण्यास कात्रजचेच उदाहरण घेऊ. पेशवेकाळी येथील तलावाचे पाणी भूमिगत नळाने शनिवारवाड्यापर्यंत जाई. तलाव भरला, तरी नळ मोकळा असल्यावाचून हौदात पाणी येत नसे. तसेच फुप्फुसांनी घेतलेला प्राणवायू रक्तवाहिन्या सर्व अवयवांना पोहोचवितात. त्यांच्या आत एकाच पेशीच्या जाडीचे जिवंत अस्तर असते. नायट्रिक ऑक्साइड निर्माण करून ते वाहिनी गरजेनुसार रुंदावते व रक्त गोठण्यास अटकाव करते. संसर्गाच्या दाहाने या अस्तरास इजा झाली, की वाहिनी पुरेशी रुंदावत नाही आणि गुठळ्यांचा धोका वाढतो.

रक्तदाबाचा पट्टा हातावर काही मिनिटे आवळून सोडल्यावर धमनी किती रुंदावते, हे सोनोग्राफीने मोजता येते. बऱ्याच रुग्णांत हा दोष काही महिने टिकून राहिल्याचे अशा तपासण्यांत दिसले. अनेकांत तो हळूहळू कमीही झाला.

म्हणून घरातील रुग्णाच्या थकव्यास आळस म्हणू नये. त्याने चालणे बेताबेताने वाढवावे, धूम्रपान टाळावे, रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवावा. रक्त पातळ करणारी औषधे स्वतःहून सुरू वा बंद करू नयेत. एकाच पायाला सूज, छातीत दुखणे किंवा अचानक धाप, यांपैकी काहीही जाणवल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.