अद्भुताची टपालतिकिटे

टपालाचे तिकीट ही मूळची एक पावती. पत्राचे हाशील आगाऊ भरले आहे, एवढेच ती सांगते. १८४० साली इंग्लंडात ती प्रथम निघाली तेव्हा तिच्यावर राणीचे मस्तक होते, आणि पुढे बराच काळ राजे, राण्या व राजमुद्रा यांच्यापलीकडे तिची मजल गेली नाही. अशा सरकारी कागदाच्या कपट्यावर जे कधी घडलेच नाही, किंवा अजून घडायचे आहे, त्याचे चित्र यावे, ही गोष्ट आम्हांला मोठी नवलाची वाटते. म्हणूनच विज्ञानकथा व अद्भुतकथा यांची तिकिटे गोळा करण्याचा छंद केवळ पोरखेळ आहे, हे आम्ही मानीत नाही.

एकच उदाहरण घ्या. त्सिओल्कोव्स्की हा रशियातील एका लहानशा गावचा शाळामास्तर. कानांनी जवळजवळ बहिरा. अग्निबाणाचे गणित त्याने मांडलेच, पण चंद्रावरच्या सफरीची एक कथाही १८९३ साली छापली. त्याच्या जन्मशताब्दीनिमित्त सोव्हिएत सरकारने १९५७ च्या ऑक्टोबरात एक तिकीट काढले. तोच ४ ऑक्टोबरला पहिला स्पुटनिक आकाशात गेला! तेव्हा त्याच तिकिटावर, नोव्हेंबरात, पहिल्या कृत्रिम उपग्रहाची वार्ता काळ्या अक्षरांत वरून छापण्यात आली. मूळचे तिकीट आणि वरून छापलेले तिकीट अशी दोन्ही शेजारी लावली, की स्वप्न कोठे संपले व बातमी कोठे सुरू झाली ते शाळकरी पोरालाही दिसते.

अशी जोडी लावणे हाच या छंदाचा खरा रस, असे आमचे मत आहे. मोनॅकोने १९५५ साली ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांतील प्रसंगांची मालिका काढली. तीत पृथ्वीवरून चंद्राकडे निघालेली स्वारीही आहे. आपल्याकडे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, त्यामुळे ही चित्रे आपल्याला परकी वाटत नाहीत. या तिकिटाशेजारी भारताने १९६९ साली चांद्रविजयानिमित्त काढलेले तिकीट ठेवा. मध्ये अवघी चौदा वर्षे! इंग्लंडने वेल्सच्या चार विज्ञानकथांवर १९९५ साली चार तिकिटे काढली, तीही याच पानावर शोभतील.

जगदीशचंद्र बोस यांचे तिकीट आपल्या टपालखात्याने १९५८ साली काढले. संग्राहक ते ‘शास्त्रज्ञ’ या सदरात चिकटवून मोकळे होतात. परंतु याच बोसांनी १८९६ साली बंगालीत एक कथा लिहिली होती. तीत केसांना लावायच्या तेलाची बाटली समुद्रात ओतल्याने चक्रीवादळ शमते! बरे, कथास्पर्धा ठेवली होती ती एका केशतेलाच्या कारखानदारानेच, आणि बक्षीसही याच कथेला मिळाले. आमच्या वहीत हे तिकीट कल्पितकथेच्या पानावर आहे. एखाद्याने त्यावर आक्षेप घ्यावा. वाद घालायला आमची ना नाही.

येथे एका फसगतीचा इशारा द्यायला हवा, कारण तिची झळ मुलांच्या खाऊच्या पैशांना लागते. १९६० नंतरच्या दशकात अजमान, फुजैरा, उम्म अल कुवेन अशा आखातातील चिमुकल्या अमिरातींच्या नावाने परदेशी दलालांनी ढीगभर तिकिटे छापविली. अग्निबाण, चांद्रवीर, ग्रह, जे मागाल ते! त्यांपैकी बहुतेकांनी पत्राचे तोंडही पाहिले नाही. शिक्का छापखान्यातच उमटलेला. ओळखायची खूण सोपी आहे : शिक्का कोपऱ्यात अगदी नीटनेटका असतो आणि तिकिटाच्या पाठीवरचा डिंक जसाच्या तसा राहिलेला असतो. अशी शंभर तिकिटे एका पाकिटात घेण्यापेक्षा खरोखरीच्या लिफाफ्यावरून पाण्यात भिजवून सोडविलेले एक तिकीट आम्हांला अधिक मोलाचे वाटते.

हर्सूलकरांनी तर या छंदाचा आरंभ घरच्या अंगणातूनच करावा. आपल्या दारावरून जाणारा रस्ता अजिंठ्याला पोहोचतो. निजामी राज्याचे टपाल स्वतंत्र होते, आणि त्याने १९३१ साली सुरू केलेल्या मालिकेतील आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार आहे. स्वतंत्र भारताने १५ ऑगस्ट १९४९ रोजी शिल्पकलेची मालिका काढली. तिच्यातील सर्वांत स्वस्त, तीन पैचे तिकीट अजिंठ्याच्या हत्तीचे. लेण्यांतील जातककथांमध्ये हत्ती बोलतात, माकडे राज्य करतात. अद्भुत म्हणतात ते आणखी काय असते?

त्याच कुळीची पंचतंत्राची आठ तिकिटे २००१ साली निघाली. माकड व मगर, सिंह व ससा, कावळे व साप, कासव व हंस. प्रत्येक कथेला एकमेकांस जोडलेली दोन तिकिटे आहेत. जोडी मिळाली तर घडीवर फाडू नये. सुट्या तिकिटाने कथा अर्धीच राहते आणि जोडीची किंमतही जाते. टपालकचेरीत मागताना ‘जोडीने द्या’ असे सांगायची सवय मुलांना पहिल्यापासून लावावी.