कादंबरीतली पात्रं ‘अशुद्ध’ का बोलतात?

गोवंडीत एकाच गल्लीत मराठी, हिंदी, उर्दू कानावर पडतात. तिथल्या मुलांनी वर्गात मराठी कादंबरी उघडली की एक प्रश्न येणारच: आम्ही असं लिहिलं तर मार्क कापले जातात, मग लेखकाला कसं चालतं?

प्रश्न रास्त आहे. ‘फकिरा’ (1959) घ्या. अण्णाभाऊ साठे गोवंडीपासून जवळच, घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहायचे. शाळा जेमतेम दीड दिवसाची. त्यांचा फकिरा, त्याची आई राधा, आजोबा दौलती वारणाकाठची बोली बोलतात. निवेदन मात्र प्रमाण मराठीत. म्हणजे लेखकाला ‘शुद्ध’ येत होतंच. पण फकिराच्या तोंडी ते घातलं असतं, तर तो वाटेगावचा वाटलाच नसता.

भाऊ पाध्येंनी ‘वासूनाका’त (1965) त्याच्याही पुढची पायरी गाठली. गोष्ट सांगणारा पोक्या स्वतःच नाक्यावरचा पोरगा, त्यामुळे निवेदनही नाक्याच्याच भाषेत. वाचकाला सांभाळून घेणारा सुशिक्षित निवेदक मध्ये नाहीच! आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’तून झोड उठवली, मोठा वाद झाला. (अत्र्यांची स्वतःची लेखणीही काही मवाळ नव्हती.)

त्यामुळे वर्गात चर्चा करताना आधी बघायचं: कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, चिडल्यावर भाषा बदलते का? पेपरात निवेदक तुम्ही असता, म्हणून स्पष्टीकरण प्रमाण मराठीत. पात्राचं वाक्य द्यायचं झालं तर अवतरणचिन्हांत, जसंच्या तसं. ते ‘सुधारून’ लिहिलं तर ती चूक.