आरसा ३९ मीटरचा, पण दुर्बिणीचा ‘डोळा’ उणे २०० अंशांत का ठेवायचा?

चिलीतल्या सेरो अर्माझोनेस डोंगरावर ‘ईएलटी’ ही महाकाय दुर्बीण उभी राहते आहे. तिचा मुख्य आरसा ३९ मीटरचा, ७९८ तुकडे जोडून केलेला. बातम्यांत चर्चा त्याचीच. पण आरसा फक्त प्रकाश गोळा करतो. त्यातून माहिती काढणारी उपकरणं वेगळी असतात. खरी डोकेदुखी तिथे आहे.

‘मेटिस’चंच घ्या. नेदरलँड्सच्या नेतृत्वाखाली तयार होणारं हे उपकरण मध्य-अवरक्त प्रकाश टिपणार आहे. अडचण अशी, की भिंत, टेबल, तुमचा हात, सगळंच या प्रकाशात चमकतं. उपकरण स्वतःही! डोळ्यांवर टॉर्च मारून काजवा शोधण्यासारखंच हे. म्हणून मेटिसचे आतले आरसे निर्वात टाकीत, उणे २०० अंश सेल्सिअसच्याही खाली ठेवावे लागतात. त्या थंडीत धातू आकसतो, त्यामुळे जुळणी करतानाच आकसण्याचा हिशेब धरावा लागतो. त्यात चिली हा भूकंपाचा देश!

एवढं करूनही आकाश आणि दुर्बिणीचे मोठे आरसे चमकत राहतातच. ती चमक मोजून वजा करायची. मग हाती लागते ती दूरच्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या एखाद्या ग्रहाची अंधूक ऊब.