शिशाची गोळी बंदुकीत वितळत का नाही?

मारेगावच्या आसपास कापूस-तुरीच्या शेतात रात्री जागलीला जाणे नवे नाही. रानडुकरे आणि रोही उभ्या पिकाची नासाडी करतात. जागलीच्या गप्पांत जुन्या ठासणीच्या बंदुकीचा विषय निघतो. तिच्यासाठी लोक शिसे चुलीवर वितळवून साच्यात गोळ्या ओतत. हे ऐकून एखादा विद्यार्थी नेमके विचारतो, "सर, जे शिसे चुलीवर वितळते, ते बंदुकीच्या आगीत कसे टिकते?"

प्रश्न चोख आहे. शिसे 327 अंश सेल्सियसला वितळते, तर दारूच्या जळण्यातून निघणाऱ्या वायूंचे तापमान दोन हजार अंशांच्या आसपास असते. तरीही गोळी शाबूत बाहेर पडते. याचे उत्तर वेळेत आहे. हातभर लांबीची नळी ओलांडायला गोळीला सेकंदाचा काही हजारावा भागच लागतो. तेवढ्यात उष्णता शिशात फार खोल शिरत नाही. दिव्याच्या ज्योतीतून बोट झटकन फिरवले तर भाजत नाही, तसेच हे. तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे समजावण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

मग गोळीसाठी शिसेच का? त्याची घनता पाण्याच्या 11.3 पट, लोखंडाची 7.9 पट. तेवढ्याच आकारात वजन जास्त, म्हणून हवेच्या विरोधाने वेग लवकर घटत नाही. शिवाय ते चुलीवर वितळते आणि मऊ असते. रायफलीच्या नळीत आतून मळसूत्री खाचा असतात. मऊ गोळी त्यांत घट्ट बसते, स्वतःभोवती फिरू लागते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते.

पण हाच मऊपणा अडचणही करतो. गोळी थोडी सैल असेल तर तप्त वायू कडेच्या फटीतून जोरात निसटतात आणि तिची कड कुरतडतात. खरवडलेले शिसे नळीला चिकटते, खाचा बुजतात आणि नेम चुकू लागतो. म्हणून गोळीला मेण-चरबीचे वंगण लावतात. 1857 साली ज्या काडतुसांवरून शिपायांत असंतोष भडकला, त्या एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसाचे वंगणही गोळी खाचांच्या नळीत नीट सरकावी म्हणूनच होते.

दुसरा उपाय म्हणजे मिश्रधातू. शिशात थोडे कथील आणि अँटिमनी घातले की ते कठीण होते आणि साच्याचे कोपरे नीट भरते. जुन्या छापखान्यातले खिळे याच तीन धातूंचे असत. अक्षराची बारीक कड उठावी, ही गरज दोन्हीकडे सारखीच!

अमेरिकेत विंचेस्टर कंपनीची 1894 सालची दांडारायफल प्रसिद्ध आहे. चापाभोवतीची कडी खाली-वर केली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत येते. तिची काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर टेकते. टोक अणकुचीदार असेल तर हिसक्याने टोपी पेटू शकते. म्हणून अशा रायफलीची गोळी चपट्या टोकाची ओततात. धूरविरहित दारू आल्यावर वेग वाढला, नुसते शिसे तग धरीना, आणि गोळीवर तांब्याचे कवच आले.

आता एक गणित. सेकंदाला 400 मीटर वेगाची 1 ग्रॅम गोळी भिंतीवर आदळून थांबली. तिची गतिज ऊर्जा 80 ज्यूल. शिसे 27 अंशांवरून 327 पर्यंत तापवायला 300 × 0.13 = 39 ज्यूल, आणि वितळवायला 23; एकूण 62. म्हणजे सगळी उष्णता गोळीतच राहिली, तर ती नळीत नाही पण भिंतीवर वितळेल! प्रत्यक्षात बरीच ऊर्जा भिंतीत जाते, हे मुलांकडून काढून घ्यावे.

शेवटी एक इशारा. शिशाची धूळ आणि धूर विषारी असतात. मुलांच्या मेंदूच्या वाढीला त्यांचा धोका सर्वाधिक, आणि अपायरहित म्हणता येईल अशी पातळी आजवर ठरलेली नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले, ते याच कारणाने. गोळी लागलेल्या जनावराच्या मांसात राहिलेले शिशाचे कण गिधाडांसारखे पक्षी खातात. म्हणून कॅलिफोर्नियात 2019 पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद केली. परंतु जुन्या बॅटरीतले शिसे स्वयंपाकाच्या चुलीवर वितळवण्याचा प्रकार कोठे दिसला, तर शिक्षकाने तो थांबवायला हवा.

ओतकामाचा प्रयोग मेणाने करा. वितळलेले मेण वाटीत ओतून थंड होऊ द्या. मध्यभागी खळगा पडलेला दिसेल. शिसेही गोठताना असेच आकसते, म्हणून गोळीच्या साच्याच्या तोंडाशी जरा जास्त शिसे ठेवतात. बर्फाच्या बाबतीत नेमके उलट का होते, हा पुढचा प्रश्न मुलेच विचारतील.