तिकांड्याच्या वरची तांबडी चांदणी

मार्गशीर्षातल्या गुरुवारची पूजा, जेवणं उरकली की आज नऊच्या सुमारास अंगणात या आणि पूर्वेला बघा. एका ओळीत तीन चांदण्या दिसतील, तेच आपलं तिकांडं. त्याच ओळीने वर सरकलं की एक ठळक, तांबूस चांदणी भेटते. ती रोहिणी. अजून वर कृत्तिकांचा झुबका.

संस्कृतात रोहित म्हणजे तांबडा, त्यावरून रोहिणी. अरबांनी तिला अल्देबरान म्हटलं, म्हणजे मागून येणारा, कारण ती कृत्तिकांच्या मागोमाग उगवते. आपली गोष्ट ठाऊकच आहे: दक्षाने 27 मुली चंद्राला दिल्या आणि त्याचा जीव एकट्या रोहिणीवर. (बाकीच्या 26 जणींनी बापाकडे तक्रार केली, ते बरंच केलं!) चंद्र दर महिन्याला तिच्या जवळून जातो, कधी तिला झाकूनही टाकतो. गोष्ट तिथूनच सुचली असावी.

ती तांबडी का? लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आठवा. पांढरं तापलेलं जास्त गरम, लाल झालेलं त्याहून कमी. सूर्याचा पृष्ठभाग साधारण 5,500 अंश सेल्सिअस तापलेला, रोहिणीचा 3,600च्या आसपास. पण आकाराने ती राक्षसीण! सूर्य वाटाण्याएवढा धरला तर रोहिणी घमेल्याच्या तोंडाएवढी, रुंदीला सुमारे 44 पट. वजन मात्र सूर्यापेक्षा थोडंसंच जास्त. तिच्या गाभ्यातलं हायड्रोजनचं सरपण संपलं, तशी ती भाकरीसारखी फुगली आणि वरून निवली. आपला सूर्यही असाच फुगणार आहे, पण सुमारे 500 कोटी वर्षांनी. तोवर आपले हप्ते फिटतील.

तिच्याकडून निघालेला उजेड आपल्याकडे यायला 65 वर्षं लागतात. म्हणजे आज दिसतो तो उजेड गावातल्या पासष्टीच्या आजीच्या वयाचा.

आता पेरणीचं. 25 मेच्या सुमारास रोहिणी लागते म्हणतो, तेव्हा ही चांदणी आपल्याला दिसतच नाही, कारण सूर्य तिच्याच भागात असतो. नक्षत्र म्हणजे सूर्य कुठे पोचला ते सांगणारं जुनं कॅलेंडर. चांदणी पाऊस पाडत नाही. मागच्या साली आमच्या गटातल्या तिघींनी रोहिणीच्या दोन सरींवर सोयाबीन टाकलं. मग उघडीप पडली, दुबार पेरणी झाली आणि बियाण्यासाठी गटातून दुसऱ्यांदा कर्ज काढावं लागलं. एकीने त्यासाठी डोरलं मोडलं. ती बैठक आम्ही विसरलो नाही.

म्हणून यंदा आम्ही ठरवलंय: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नाही. सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवायचा, रोज सकाळी आतलं पाणी पट्टीने मोजायचं, आकडा गटाच्या वहीत लिहायचा आणि डबा रिकामा करायचा. बेरीज साडेसात सेंटिमीटर झाली की मग पाभर बाहेर काढायची.